कुमुदताई, केसोपंतांचा अर्ज आणि इंदूरची छोटी लाईन

श्रीमती कुमुदताई शेवडे यांची आणि माझी पहिली भेट इंदूर स्टेशनच्या चौकशीच्या खिडकीवर झाली आणि त्या भेटीत माझे जवळजवळ ठरलेले लग्न मोडले. अमृतमहोत्सवाच्या ग्रंथातले पहिलेच वाक्य असे नसावे, असे संपादक मंडळातील दोघांचे मत पडले. पण ताईंविषयी लिहिताना खरे असेल ते आधी सांगून टाकलेले बरे. नाहीतर त्या स्वतः फोन करून सांगतात.

मी त्या वेळी येथील एका कॉलेजात इतिहास शिकवायला नुकताच लागलो होतो. खंडव्याला एक स्थळ पाहायचे होते. आई आणि मामा आदल्या दिवशीच पुढे गेले होते. मला रविवारी सकाळच्या छोट्या लाईनच्या गाडीने पोचायचे होते. मीटर गेजला इंदुरात कोणी मीटर गेज म्हणत नसे. ती छोटी लाईन, आणि उज्जैनकडची ब्रॉड गेज ती बडी लाईन. इस्त्रीचा शर्ट घामाने खराब होऊ नये म्हणून मी पंख्याखाली, म्हणजे नेमका चौकशीच्या खिडकीसमोर, उभा राहिलो. उगीच उभे राहणे बरे दिसेना म्हणून विचारले, की खंडवा इतके जवळ असून गाडी एवढा वेळ का लावते.

खिडकीमागे चाळिशी ओलांडलेल्या, काळ्या काड्यांचा चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. त्यांनी आधी फलाट सांगितला, गाडी लागली असल्याचे सांगितले आणि मग उत्तर दिले. जाताना घाट उतरण्याआधी पाताळपाणीला ब्रेक तपासतात, येताना काळाकुंडला मागून आणखी एक इंजिन लावतात, कारण तो चढ एका इंजिनाला झेपत नाही. मी विचारले, मग असल्या घाटातून लाईन नेलीच कशाला. त्या म्हणाल्या, ते परत आल्यावर विचारा. मी म्हटले, थोडक्यात सांगा. त्यांनी थोडक्यात सांगितले. मी आणखी एक प्रश्न विचारला. त्यांनी मला तीनदा ‘पळा’ म्हटले आणि शेवटी, याला मराठी समजत नसावे अशा हिशेबाने, ‘भिया, भागो’ असेही म्हटले. मी बोगद्यांविषयी विचारत असताना गाडी सुटली.

मुलीकडच्यांनी दुपारपर्यंत वाट पाहिली, नंतर पाहिली नाही. मला त्याचे विशेष दुःख झाले नाही. ताईंना मात्र ते फार लागले. आपल्या खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाची गाडी चुकावी, असे त्यांच्या नोकरीत पूर्वी घडले नव्हते. त्यांनी माझ्या आईला पत्र लिहून दिलगिरी कळवली आणि शेवटी लिहिले, की मुलगा चांगला आहे, पण त्याला प्रश्न विचारण्याची सवय आहे, तेव्हा सून निवडताना तिला उत्तरे देण्याची आवड आहे का ते पाहावे. आईने ते पत्र जपून ठेवले आणि पुढे माझी पत्नी सुनंदा घरात आली तेव्हा तिला पहिल्याच आठवड्यात वाचायला दिले. सुनंदा म्हणाली, हे आधी दाखवायला हवे होते.

आपल्या इंदूरच्या मराठी समाजात दोन थर आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. संस्थानच्या काळात दरबारी चाकरीसाठी आलेली घराणी एक, आणि मागाहून रेल्वे, मिल आणि शाळांच्या नोकऱ्यांसाठी आलेली घराणी दुसरी. ताई दुसऱ्या थरातल्या. त्यांचे वडील छोट्या लाईनवर तारबाबू होते. महूच्या रेल्वे क्वार्टरमध्ये त्यांचे बालपण गेले आणि तिथे त्यांना दोन गोष्टी घट्ट शिकवल्या गेल्या. तारेत एक शब्दही पदरचा घालायचा नाही, आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचे. दुसरी गोष्ट चौकशीच्या खिडकीवर किती अवघड जात असेल, याची आपण कल्पना करू शकतो.

एका पावसाळ्यात घाटात रुळांवर दरड आली आणि गाडी मध्येच कुठेतरी अडकली. फोन लागत नव्हते. स्टेशनवर माणसांचा जमाव झाला. त्या वेळच्या एका साहेबांनी ताईंना सांगितले, की सगळ्यांना ‘बस, आ ही रही है’ म्हणत राहा, लोक शांत राहतील. ताईंनी खडू घेतला आणि खिडकीशेजारच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले: ‘गाड़ी कहाँ है, हमें भी नहीं मालूम।’ साहेबांना घाम फुटला. पण झाले असे, की लोकांनी फळा वाचला आणि ते जेवायला घरी निघून गेले. दोन तासांनी पोटभर जेवून परत आले आणि बाकांवर गप्पा मारत बसले. साहेबांनी ताईंकडून लेखी खुलासा मागितला. ताईंनी एका ओळीत दिला, की लिहिले त्या वेळी ते विधान बरोबर होते.

या कडकपणामुळे ताई कोरड्या असतील, असे ज्यांना वाटते त्यांनी नवरदेवाची हकिकत ऐकावी. लग्नसराईत एका दुपारी महूला जाणारे एक वऱ्हाड स्टेशनवर आले आणि धांदलीत नवरदेव एकटाच पलीकडच्या फलाटावरच्या उज्जैनच्या गाडीत चढून बसला. वऱ्हाड छोट्या लाईनशी, नवरदेव बड्या लाईनवर निघालेला. मुलाचे वडील खिडकीशी येऊन ‘मुलगा त्या गाडीत गेला’ एवढेच पुन्हा पुन्हा म्हणू लागले. ताईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि पुढच्या स्टेशनच्या मास्तरांना फोन लावला. मास्तरांनी विचारले, ओळखायचे कसे. ताई म्हणाल्या, सेहरा बांधलेला आहे. थोड्या वेळाने मास्तरांचा उलट फोन आला, की गाडीत सेहरे तीन आहेत. ताईंनी सांगितले, “जो रो रहा होगा, वो हमारा है। उतार लो।”

नवरदेव समोरून येणाऱ्या गाडीने परत आला. तोवर महूची गाडी गेली होती, म्हणून ताईंनी बाहेर जाऊन दोन टेम्पो ठरवून दिले आणि स्वतःच्या डब्यातली पोळीभाजी नवरदेवाला खाऊ घातली, कारण रडल्यामुळे त्याला भूक लागली होती. त्या जोडप्याच्या नातवंडांच्या बारशापर्यंतची सगळी आमंत्रणे ताईंच्या घरी आलेली आहेत.

माझी गाडी चुकली त्या रविवारी ताईंनी मला विचारले होते, की तुम्ही कॉलेजात रेल्वेचा इतिहास शिकवता का. मी नाही म्हणालो. त्यांनी टेबलाच्या खणातून एक लांबट वही काढून माझ्यासमोर ठेवली. त्या दिवसापासून मी ताईंचा विद्यार्थी आहे. माझ्या नावामागे डॉक्टर लागलेले असले तरी ते नाते उलट दिशेने कधी झाले नाही.

मुंबईकडची मोठी लाईन खंडव्यापर्यंत आलेली होती आणि इंदूर वर पठारावर होते. मध्ये नर्मदा आणि विंध्याचा घाट. संस्थानच्या महाराजांनी मनावर घेतले आणि खंडव्याहून छोटी लाईन नदी ओलांडून, घाट चढून इंदुरात आली. पुढे ती रतलामकडे गेली. उज्जैनचा फाटा निघाला. मग बडी लाईन आली आणि कित्येक वर्षे इंदूर स्टेशनावर लहान आणि मोठे रूळ शेजारी शेजारी नांदले. एवढे पुस्तकांत आहे. साले मी मुद्दाम लिहीत नाही. त्यांतले एखादे चुकले तर हा ग्रंथ ताईंच्या हातून परत येईल.

पुस्तकांत नाही ते ताईंच्या वह्यांत आहे. रविवारी सुट्टी असली की त्या निवृत्त ड्रायव्हर, फायरमन, रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन, हमाल यांच्या घरी जात. घाट उतरताना गनीचाचा नावाचे ड्रायव्हर मनगटातले घड्याळ काढून खिशात टाकत, कारण उतारावर वेळ पाहणारा ड्रायव्हर घाई करतो. मागचे इंजिन जोडताना बसणाऱ्या हिसक्याचा आवाज ओळखून काळाकुंडचा मिठाईवाला पानाचे द्रोण भरायला घेई. अशा शेकडो गोष्टी. पण ताईंचा नियम असा, की दोन माणसांनी वेगवेगळी सांगितल्याशिवाय कोणतीही गोष्ट शाईने लिहायची नाही, तोपर्यंत पेन्सिल. या कामी गनीचाचा आणि त्यांचे फायरमन मेहुणे यांचा फार उपयोग झाला. दोघांचा एका बकरीवरून वाद होऊन बोलणे बंद होते. लोक त्यांच्यात समेट घडवू पाहत होते. ताईंनी विनंती केली, की माझ्या वह्या होईपर्यंत थांबा. आपसांत बोलत नाहीत म्हणजे जुळवून सांगणार नाहीत. वह्या पूर्ण झाल्यावर समेट ताईंनीच घडवला, आणि त्या दिवशी मेहुण्यांनी बकरीविषयी जे सांगितले तेही टिपून ठेवले, पेन्सिलीने.

निवृत्तीनंतर काम वाढले. जुने कागद मोडी लिपीत असतात, म्हणून ताई साठी उलटल्यावर मोडी शिकल्या. सराव हवा म्हणून त्या घरातल्या चिठ्ठ्या मोडीत लिहू लागल्या. त्यांचे यजमान श्रीधरपंत हे गणिताचे निवृत्त शिक्षक. दूध तापवून ठेवा, अशी चिठ्ठी त्यांनी तीन दिवस गणितातली एखादी आकृती समजून पाहिली आणि दूध तिन्ही दिवस नासले. शेवटी, नाइलाजाने, श्रीधरपंतही मोडी शिकले. कृष्णपुऱ्याच्या समाधी-छत्र्यांजवळच्या गल्लीत रमेशभिया नावाचे एक रद्दीवाले आहेत. त्यांच्याकडे जुना कागद आला की ते ताईंना फोन करतात, “मैडम, वो केंचुए वाली लिखाई आई है।” केंचुए म्हणजे गांडुळे, आणि गांडुळांसारखी अक्षरे म्हणजे मोडी. ताई रिक्षा करून जातात.

राजेंद्र नगरमधले त्यांचे दोन खोल्यांचे घर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पुढच्या प्रकरणाचे महत्त्व लगेच कळेल. भंगाराच्या लिलावांतून रीतसर घेतलेले सिग्नलचे दिवे, स्टेशनची घंटा, एकेरी लाईनवर पुढे जाण्याची परवानगी म्हणून ड्रायव्हरला देतात ती टोकनची कडी आणि फलाटावरचा एक अख्खा बाक त्या घरात होता. बाक बाहेरच्या खोलीत, घंटा स्वयंपाकघरात, वह्या पलंगाखाली. श्रीधरपंत एकदा मला म्हणाले, “प्रोफेसर, मी गेली कित्येक वर्षं वेटिंग रूममधे राहून राहिलो आहे.” तक्रार नव्हती ती, ते नुसती माहिती देत होते. पण एका पावसाळ्यात पलंगाखालच्या वह्यांना ओल आली आणि दोन वह्यांत वाळवी शिरली.

घाटातली छोटी लाईन बंद करून तिथे बडी लाईन टाकायचे ठरले, तेव्हाची ही गोष्ट आहे. आपल्या येथल्या मराठी मंडळाने इंदूरच्या रेल्वेवर एक प्रदर्शन आणि पुस्तिका काढायचे योजले. अध्यक्ष होते नानासाहेब दप्तरे. वय ऐंशीच्या घरात, शब्दाला वजन, घराणे दरबारी. त्यांनी जाहीर केले, की प्रदर्शन चांगले झाले तर मंडळाची एक खोली ताईंच्या संग्रहाला कायमची देऊ. पुस्तिका लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

नानासाहेबांचे पणजोबा केसोपंत हे इंदूरचे पहिले स्टेशनमास्तर होते आणि पहिल्या गाडीला हिरवे निशाण त्यांनीच दाखवले, ही गोष्ट आपण सर्वांनी वर्षानुवर्षे ऐकली आहे. मी ती पुस्तिकेत घातली. नुसती घातली नाही, तर केसोपंतांच्या पगडीवर उन्हाची तिरीप पडल्याचे आणि निशाण धरलेला त्यांचा हात जराही न कापल्याचे वर्णनही केले. कागद माझ्याकडे एकही नव्हता. पण खोली नानासाहेबांच्या हातात होती, आणि वाळवी लागलेल्या त्या वह्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या. पुस्तिका छापून झाली. केसोपंतांच्या नावाची संगमरवरी पाटीही तयार झाली.

समारंभाला चार दिवस असताना ताई माझ्या घरी आल्या. हातात पुस्तिका होती. सुनंदाने चहा ठेवला. ताईंनी पान उघडले आणि विचारले, “हे निशाणाचं कुठून घेतलं?”

मी म्हटले, सगळेच सांगतात.

“सगळे सांगतात म्हणून मी अख्ख्या नोकरीत एक गाडी नाही सांगितली,” ताई म्हणाल्या.

मग त्यांनी पिशवीतून एक प्लास्टिकची फाईल काढली. दप्तऱ्यांच्या जुन्या घराची साफसफाई झाली तेव्हा कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे रद्दीत गेले होते आणि रमेशभियांचा फोन आला होता. ताईंनी ते कागद लावून वाचायला बरेच महिने घेतले होते. त्यांत खुद्द केसोपंतांचा एक अर्ज निघाला. केसोपंत स्टेशनमास्तर नव्हते. दरबारातून रेल्वेच्या कामावर पाठवलेले साधे कारकून होते. अर्ज त्यांनी वरिष्ठांना केला होता, की इंजिनाचा आवाज आपल्याने सोसवत नाही, गाडी आली की छातीत धडधडते आणि लेखणी हातात ठरत नाही, तरी कृपा करून देवस्थान खात्यात बदली व्हावी.

मी तो अर्ज ताईंच्या तोंडून दोनदा ऐकला. मग म्हटले, की ताई, हा कागद आहे हे तुमच्या-माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही, समारंभ होऊन जाऊ दे, खोली मिळू दे. हे मी तुमच्यासाठीच केले आहे, असेही म्हणालो.

ताईंनी चहाचा कप खाली ठेवला. “माझ्यासाठी असेल तर मीच सांगते, काढून टाका,” त्या म्हणाल्या. “खोट्या पाटीच्या खोलीत माझ्या वह्या नाही ठेवणार. पलंगाखालीच बऱ्या. आणि लिहिलं तुम्ही, तर सांगायचं पण तुम्हीच. मी बरोबर येते.”

ताई सरळ नानासाहेबांना फोन करू शकत होत्या. सभेत उभे राहून माझे वाभाडे काढू शकत होत्या. तसे करणारे विद्वान मी माझ्या क्षेत्रात पुष्कळ पाहिले आहेत. त्यांनी माझी चूक मला दुरुस्त करू दिली. त्या दिवशी मला तो छळ वाटला. उपकार होता, हे नंतर कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नानासाहेबांकडे गेलो. पोहे आले, जिलेबी आली. मी हवेविषयी बोललो, मंडपाविषयी बोललो, पोहे पुन्हा घेतले, मंडपाविषयी पुन्हा बोललो. नानासाहेबांनी शेवटी काळजीने विचारले, “प्रोफेसर, तब्येत ठीक आहे ना तुमची?” तेव्हा मी एका दमात सांगून टाकले, की पुस्तिकेतले निशाण मी कागदाशिवाय लिहिले आहे आणि कागद वेगळेच सांगतो.

ताईंनी अर्ज वाचून दाखवला. त्यांचा आवाज स्टेशनवर असायचा तसाच होता, ना कमी ना जास्त. भिंतीवर केसोपंतांचे पगडीतले चित्र होते. नानासाहेबांनी त्याच्याकडे पाहिले. मी मनातल्या मनात खोलीला निरोप दिला.

“बदली मिळाली का हो त्यांना?” नानासाहेबांनी विचारले.

“नाही मिळाली. अर्जाच्या पाठीवर शेरा आहे, सवय होईल म्हणून.”

“मग?”

“मग राहिले. पेन्शनीपर्यंत.”

“भीत भीतच?”

“ते कागदात नाही,” ताई म्हणाल्या. “कागदात नाही ते मला माहीत नाही.”

मग त्यांनी फाईलमधला दुसरा कागद काढला. तो पुष्कळ वर्षांनंतरचा, केसोपंतांच्याच हातचा. आपल्या मुलाला रेल्वेत नोकरी मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केला होता आणि त्यात मुलाची लायकी म्हणून अक्षर, हिशेब आणि त्याखाली तिसरी गोष्ट लिहिली होती, की यास लहानपणापासून इंजिनाजवळ नेऊन उभे केले आहे, हा भीत नाही.

नानासाहेब हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि मग जे सांगितले ते मी त्यांच्या परवानगीने येथे लिहीत आहे. त्यांना लहानपणी फटाक्यांची फार भीती वाटे. वडील दर दिवाळीला त्यांना अंगणात उभे करीत आणि म्हणत, की पहिल्या स्टेशनमास्तरांचा पणतू आवाजाला भितो, हे शोभत नाही. “अजून वाटते,” नानासाहेब म्हणाले. “दर दिवाळीत कानात कापूस घालतो आणि सुनेला सांगतो, सर्दी झाली आहे. वाटायचं, एवढ्या मोठ्या खानदानात मी एकटाच असा.” त्यांनी पुन्हा चित्राकडे पाहिले. “कुमुदताई, हा कागद मला साठ-सत्तर वर्षं आधी का नाही दाखवला हो?”

ताईंनी गंभीरपणे उत्तर दिले, की तेव्हा आपला स्वतःचाच जन्म जेमतेम झाला होता.

पुस्तिकेच्या सगळ्या छापील प्रती माझ्या घरी परत आल्या. त्या पानावर चिकटवायची दुरुस्तीची पट्टी ताईंनी लिहिली. तीन दिवस सुनंदा, श्रीधरपंत, ताई आणि मी खळ घेऊन बसलो होतो. श्रीधरपंत प्रत्येक पट्टी गुण्या लावून काटकोनात बसवत, त्यामुळे वेग फार मंद होता. पगडीवरच्या उन्हाची तिरीप मात्र ताईंनी ठेवू दिली. त्या म्हणाल्या, ऊन पडलं असेल, त्याला कोणाची हरकत नाही.

समारंभात अर्ज नानासाहेबांनी स्वतः वाचला, दोन्ही अर्ज, आणि नंतर कापसाची गोष्टही सांगितली. सभागृहात असे हसणे मी आपल्या मंडळात त्याआधी ऐकले नव्हते. खरा कार्यक्रम पुढे झाला. चहाच्या वेळी लोक एकेक करून ताईंपाशी येऊ लागले. एका गृहस्थांनी हळूच सांगितले, की त्यांचे आजोबा इंजिनिअर नव्हते, इंजिनात कोळसा भरायचे. एका प्राचार्यांनी कबूल केले, की त्यांच्या घरातली चांदीची शिट्टी गार्डाची नसून जत्रेत घेतलेली आहे. त्या संध्याकाळी आपल्या समाजातल्या निम्म्या घराण्यांचे पूर्वज एकेक पायरी खाली उतरले आणि कोणाचे काही बिघडले नाही. ताई पर्स उघडून पेन्सिल शोधत होत्या.

दुसऱ्या दिवशी नानासाहेबांनी खोलीची किल्ली पाठवली. पूर्वी तिथे मंडळाच्या खुर्च्या असत. त्या आता व्हरांड्यात असतात आणि त्याबद्दल कार्यवाह अजून कुरकुरतात. संगमरवरी पाटी मंडळाच्या मागच्या नळाखाली पालथी घातली आहे. तिच्यावर भांडी फार स्वच्छ निघतात, असे तिथल्या बाई सांगतात. संग्रह हलवला त्या दिवशी श्रीधरपंतांच्या घरात पहिल्यांदाच चालायला जागा झाली. दोन दिवस ते या खोलीतून त्या खोलीत चालत राहिले आणि तिसऱ्या दिवशी मंडळात जाऊन आपल्या नेहमीच्या बाकावर बसले. आता रोज जातात. कोणी पाहुणा आला की तेच माहिती देतात आणि अडले की म्हणतात, माहीत नाही, विचारून सांगतो.

माझ्याविषयी एवढेच सांगतो. त्या पट्ट्यांनंतर मी माझे जुने सगळे लेख काढून बसलो. कागदाशिवाय केलेली विधाने मी स्वतः खोडली. लेख बरेच बारीक झाले. विद्यार्थ्यांना आता मी पहिल्याच तासाला सांगतो, की इतिहासात ‘माहीत नाही’ हे उत्तर चालते. परीक्षेत मात्र चालत नाही, हेही सांगावे लागते, कारण एका वर्षी निम्म्या वर्गाने तेच लिहिले होते.

ताई आज पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. गुडघे कुरकुरतात, पण महिन्यातून एकदा त्या महूला जातात आणि घाटातल्या नव्या लाईनचे काम कुठवर आले ते विचारून येतात. डोंगर पोखरायचा, बोगदे काढायचे, पूल बांधायचे. अशा कामाला वेळ लागतोच. मागच्या खेपेला एका तरुण इंजिनिअरने त्यांच्या प्रश्नांची उत्तरे देऊन देऊन दमल्यावर विचारले, “आंटीजी, आप इंस्पेक्शन पर आई हैं क्या?” ताई म्हणाल्या, नाही, तुम्ही काय करता आहात ते कोणीतरी लिहून ठेवायला हवे, म्हणून आले आहे, तुमचे नाव सांगा. त्याने नाव सांगितले, गाव सांगितले, आईचे नावही सांगितले. नंतर त्याने बोगद्याच्या भिंतीवरचे पाणी कसे वळवतात ते ताईंना आकृती काढून दाखवले आणि म्हणाला, हे आजवर कोणी विचारलेच नव्हते.

त्या लाईनवरून इंदूरहून निघणाऱ्या पहिल्या गाडीने घाट उतरायचा, असे ताईंनी ठरवले आहे. श्रीधरपंतांनी दोघांच्या गरम टोप्याही काढून ठेवल्या आहेत, कारण गाडी कोणत्या ऋतूत निघेल ते अजून नक्की नाही. ही गाडी कधी सुटेल, असे मी परवा ताईंना विचारले आणि अपेक्षित उत्तर मिळाले.

तेव्हा आम्हा सर्व स्नेह्यांची इच्छा अशी आहे, की त्या कामाला जितका काळ लागायचा तितका खुशाल लागो. ताईंचे गुडघे, डोळे आणि पेन्सिल तोवर शाबूत राहोत. गाडी निघेल त्या दिवशी ताई खिडकीशी असाव्यात, शेजारी श्रीधरपंत असावेत, समोर नानासाहेब कानात कापूस घालून बसलेले असावेत, आणि घाट उतरून झाल्यावरही ताईंच्या वहीत पुष्कळ कोरी पाने उरलेली असावीत.